भांडण विहिरीवरून, पण आधी बघा नेतीचं भांडं

डॉक्टर, सप्रेम नमस्कार.

आम्ही तासगाव तालुक्यात मळ्यातल्या वस्तीवर राहतो. द्राक्षबाग आहे, एक जुनी विहीर आहे आणि अलीकडे केलेलं शेततळं. मुलगा यंदा सहावीत जाईल. सुट्टी लागल्यापासून मामंजी त्याला पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकवत होते. तीन आठवड्यांपूर्वी त्याने कठड्यावरून मुटका मारला आणि नाकातोंडात पाणी गेलं. दोन दिवस नाक गळलं, शिंका आल्या, मग आपोआप थांबलं. त्याच आठवड्यात बचत गटाच्या ग्रुपवर केरळातल्या मेंदू खाणाऱ्या अमिबाचा व्हिडिओ आला. तेव्हापासून मला झोप नाही. पोराचं विहिरीवर जाणं मी बंद केलं. मामंजी म्हणतात, ‘आमच्या चार पिढ्या ह्याच विहिरीत पोहल्या, कुणाचा मेंदू खाल्ला?’ मालक दोघांच्या मधे गप्प बसून आहेत.

पोराला काही झालं तर नसेल ना? विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकली तर चालेल का? पाणी तपासून मिळतं का? विहीर नको तर शेततळ्यात सोडू का? ते पाणी स्वच्छ आहे, तळ दिसतो. की सरळ सांगलीला टँकवर क्लास लावू? पिण्याचं पाणीही आम्ही याच विहिरीचं टाकीत चढवतो. आत्याबाईंना सायनसचा त्रास आहे, त्या योगाच्या शिबिरात शिकून आल्यापासून रोज टाकीचं पाणी कोमट करून जलनेती करतात. त्यांना बरं वाटतं. पण आता सगळ्याच पाण्याची भीती वाटायला लागलीय.

— एक आई, तासगाव तालुका

ताई, नमस्कार.

मुलाचं आधी सांगतो, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल. तो ठीक आहे. पोहताना नाकात गेलेल्या पाण्यातून हा आजार व्हायचाच असेल तर तो साधारण 1 ते 12 दिवसांत दिसतो, बहुतेकदा पाचव्या दिवसाच्या आसपास. तुमच्या पोराला तीन आठवडे होऊन गेले आणि तो हिंडतोय, खातोय, तुमच्याशी विहिरीवरून भांडतोय. नाकात जोराने पाणी शिरलं की आतलं अस्तर चिडतं आणि दोन दिवस नाक गळतं, शिंका येतात. त्याला एवढंच झालं होतं. त्याचं सिटी स्कॅन करू नका, रक्त तपासू नका.

आता भांडणाचं. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. सगळं भांडण विहिरीवर चाललंय आणि ज्या ओळीला मी दचकलो ती तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलीय: आत्याबाई रोज टाकीचं पाणी कोमट करून नाकात सोडतात. तुमच्या घरात आजच्या आज काही बदलायचं असेल तर ते हे. विहिरीचं नंतर बोलू.

का, ते कळायला हा अमिबा काय आहे ते थोडक्यात सांगतो. त्याचं नाव नेग्लेरिया फाऊलेरी. ऑस्ट्रेलियात 1965 साली फाऊलर आणि कार्टर या दोन डॉक्टरांनी या आजाराचं पहिल्यांदा वर्णन केलं, त्यातल्या एकाचं नाव त्याला चिकटलं. हा अमिबा कुणाच्या अंगावर जगत नाही. गोड्या, कोमट पाण्यात आणि तळाच्या गाळात तो जिवाणू खाऊन आपला स्वतंत्र राहतो. पाणी गार झालं की कवच करून पडून राहतो, तापलं की जागा होतो आणि 46 अंशांपर्यंतच्या पाण्यातही वाढू शकतो. जगभर सगळीकडे तो सापडतो, त्यामुळे आपल्या साताऱ्या-सांगलीच्या पाण्यात तो नसेलच असं धरून चालू नका. खारट पाण्यात मात्र तो टिकत नाही, समुद्रात पोहून हा आजार होत नाही.

त्याला आपल्या शरीरात यायला एकच वाट आहे, ती म्हणजे नाकाचा वरचा भाग. नाकाच्या छताशी बारीक छिद्रांचं पातळ हाड असतं, त्यातून वास घेणाऱ्या नसांचे धागे मेंदूकडे जातात. पाणी तिथपर्यंत जोराने पोहोचलं, त्यात अमिबा असला आणि तो त्या धाग्यांना धरून वर सरकला, तरच आजार होतो. तेच पाणी तुम्ही तांब्याभर प्यालात तरी मेंदूला काही होत नाही. नाकात पाणी न ओढता केलेल्या आंघोळीने होत नाही, गुळण्यांनी होत नाही, भाजी धुतल्याने होत नाही. वाफारा घेतलात तरी नाही, वाफेतून अमिबा येत नाही. एका माणसाचा दुसऱ्याला लागत नाही. तेव्हा पिण्याच्या पाण्याची तुमची भीती या आजारापुरती सोडून द्या. जुलाब, कावीळ, टायफॉईडसाठी ते पाणी शुद्ध करायला हवं, ते वेगळं.

आता बघा, मुटका मारणारं पोर नाकात पाणी जाऊ नये म्हणून धडपडतं. कधीतरी चुकून जातं. आत्याबाई मात्र ते पाणी ठरवून, सावकाश, एका नाकपुडीतून घालून दुसरीतून काढतात, म्हणजे ज्या वाटेची आपल्याला भीती, नेमकी तीच वाट. आणि तेही रोज. अमेरिकेत लुईझियाना राज्यात 2011 साली दोन माणसं अशीच गेली. दोघंही नेतीच्या भांड्यात साधं नळाचं पाणी वापरत होती. पाकिस्तानात कराचीला ज्यांना हा आजार झाला त्यातले बहुतेक पोहायला गेलेलेच नव्हते. वजू करताना (नमाजाआधी हात-तोंड-नाक धुताना) नाकात ओढलेल्या घरच्याच पाण्यावर तिथल्या डॉक्टरांचा संशय आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियात पाणी शेकडो किलोमीटर उघड्यावरच्या पाइपांतून यायचं आणि उन्हात तापायचं. पाइपलाइनच्या शेवटच्या टोकापर्यंत क्लोरीन टिकेल अशी व्यवस्था केल्यावर तिथला प्रश्न मिटला. तुमच्या छतावरची काळी टाकी मे महिन्यात दुपारी किती तापते ते हात लावून बघा. तळाशी बोटभर गाळ असेलच.

म्हणून जलनेती बंदच करा, असं मी म्हणत नाही. सायनसवाल्यांना तिचा फायदा होतो, आम्ही डॉक्टरही नाक मिठाच्या पाण्याने धुवायला सांगतो. चूक आहे ती ‘कोमट केलं’ या दोन शब्दांत. पाणी कोमट करणं म्हणजे उकळणं नव्हे. कोमट पाणी तर या अमिबाला उलट मानवतं. पाणी खळखळून उकळी फुटेपर्यंत तापवायचं, उकळी फुटल्यावर पूर्ण एक मिनिट तसंच ठेवायचं, मग झाकून निवू द्यायचं. नेती करायची ती या निवलेल्या पाण्याने. फार गार झालं आणि पुन्हा कोमट करावं लागलं तर हरकत नाही. पण लवकर निवावं म्हणून त्यात वरून माठातलं किंवा नळाचं पाणी ओतायचं नाही. हे हमखास होतं, म्हणून मुद्दाम सांगतो. एका लिटरला 9 ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचे साधारण दीड चमचे सपाट. उकळलेलं पाणी त्याच दिवशी संपवायचं. भांडं धुऊन कोरडं करून पालथं ठेवायचं आणि त्याची शेवटची विसळणही उकळलेल्या पाण्यानेच.

आत्याबाई म्हणतील, ‘मग आरओचं घेते.’ नको. आरओचं पाणी पिण्याला चांगलं, पण त्याची साठवणटाकी आणि तोटी निर्जंतुक असल्याची खात्री कोण देणार? वीस लिटरच्या जारचंही तेच. रोज उकळायचा कंटाळा येत असेल तर मेडिकलमधून नॉर्मल सलाईनची बाटली आणा, ती निर्जंतुक असते आणि मिठाचं प्रमाणही नेमकं असतं. गॅरेजवर बॅटरीत घालायला डिस्टिल्ड वॉटर म्हणून मिळतं, ते नाकासाठी नाही. हसू नका, असा प्रश्न मला विचारलेला आहे.

शिबिरात शिकवणाऱ्यांनाही हे कळवा. वीस-पंचवीस माणसांना एका बादलीतल्या कोमट पाण्याने नेती शिकवायची तर ती बादली उकळलेल्या पाण्याचीच हवी.

आता विहीर. मामंजींचं म्हणणं बरंचसं खरं आहे. अमेरिकेत 1962 ते 2023 या काळात असे 164 रुग्ण नोंदले गेले, आणि तिथे दर उन्हाळ्यात कोट्यवधी लोक तळ्यानद्यांत पोहतात. म्हणजे आजार दुर्मीळ, अगदी दुर्मीळ. पण त्या 164 पैकी वाचले फक्त 4. तुमची झोप उडवतो तो हा दुसरा आकडा, आणि मामंजी निवांत आहेत ते पहिल्यावर. दोन्ही खरे आहेत. ‘चार पिढ्यांत कुणाला झालं नाही’ हा पुरावा मात्र मला फारसा पटत नाही. चार पिढ्यांपूर्वी वस्तीवरचं एखादं पोर तापाने फणफणून, झटके येऊन चार दिवसांत गेलं असतं तर त्याला कुणी अमिबा म्हटलं असतं का? मेंदूज्वर म्हटलं असतं, नाहीतर बाहेरचं झालं म्हटलं असतं.

केरळचंही नीट समजून घ्या, कारण व्हिडिओत ते कुणी सांगत नाही. तिथे 2024 पासून रुग्ण वाढलेले दिसतात आणि 2025 मध्ये तर ते शंभरावर गेले. काही जण तळ्यात पोहलेले होते, काहींचा तळ्याशी संबंधच नव्हता, म्हणून घरच्या विहिरींवरही संशय गेला आणि सरकारने विहिरी-टाक्या क्लोरीनने शुद्ध करण्याची मोहीम काढली. पण आकडा वाढण्याचं एक कारण हेही आहे की तिथले डॉक्टर आता मेंदूज्वराच्या रुग्णात मेंदूला जाणारा कुठलाही अमिबा मुद्दाम शोधतात. शोधलं की सापडतो. लवकर सापडला की काही जण वाचतातही. कोळिकोड जिल्ह्यातला 14 वर्षांचा एक मुलगा जुलै 2024 मध्ये यातून बरा होऊन घरी गेला. तळ्यात पोहल्याची गोष्ट डॉक्टरांच्या कानावर वेळेत गेली होती.

मग पोराला पाठवायचं की नाही? पाठवा. माझं कारण अमिबाशी संबंधित नाहीच. मळ्यात विहीर आहे, शेततळं आहे, शेजारून कॅनॉल जातो. या पोराला पुढची पंचवीस वर्षं पाण्याच्या काठावर काढायची आहेत आणि पोहता न येणं हा त्याच्या जिवाला अमिबापेक्षा कितीतरी मोठा धोका आहे. एप्रिल-मे महिन्यात आपल्या भागातला पेपर उघडा, बुडाल्याची बातमी सापडत नाही असा आठवडा विरळा. आणि तुम्ही बंदी घातली म्हणून तो जायचा थांबेल असं समजू नका. अकरा वर्षांचं पोर आहे. आजोबांसोबत डबा बांधून न जाता तो दुपारी सगळे झोपल्यावर दोस्तांबरोबर डब्याशिवाय जाईल.

फक्त नाक सांभाळायचं. पाण्याच्या खेळाच्या सामानाच्या दुकानात नाकाची क्लिप मिळते, फार महाग नसते. ती घालूनच पाण्यात उतरायचं. क्लिप नसेल तर उडी मारताना चिमटीत नाक घट्ट धरायचं. उभी उडी आणि मुटका या दोन्हींत पाणी खालून सरळ नाकात घुसतं, म्हणून तेवढ्यापुरती शिस्त कडक. डोकं पाण्याबाहेर ठेवून डब्यावर हातपाय मारत राहण्यात धोका नगण्य. तळाला जाऊन माती वर काढून दाखवायची जी पोरांची शर्यत असते ती मात्र बंद करा. अमिबा गाळात असतो, गाळ ढवळला की तो नाकाशी येतो.

विहीर कुठल्या अवस्थेत आहे तेही बघा. झरे चालू आहेत, मोटर रोज चालते, पाणी दोन पुरुष खोल आणि गार आहे, तर खुशाल पोहा. मे अखेरीस पाणी तळाला जातं, कमरेएवढं उरतं, वर हिरवी साय धरते आणि खाली पाय ठेवला की गाळ उठतो, तेव्हा पोहणं थांबवायचं. मामंजींना हे पटवणं अवघड जाणार नाही, तसल्या पाण्यात ते स्वतःही उतरत नसतील. कॅनॉलचं आवर्तन सुटलं किंवा पाऊस पडला की विहीर पुन्हा भरते.

शेततळ्यात मात्र सोडू नका. तिथे माझा नकार ठाम आहे, आणि पाणी स्वच्छ दिसतं म्हणून तर जास्तच. उघडं, उथळ, साठलेलं पाणी, खाली उन्हाने तापणारा प्लास्टिकचा कागद, पाण्याला हालचाल नाही. अमिबाला यापेक्षा बरं काय हवं? पण तेही बाजूला ठेवा. शेततळ्याचा उतार तिरका आणि कागद गुळगुळीत. त्यावर शेवाळ धरलं की पाय ठरत नाही. आत पडलेला माणूस काठापर्यंत पोहत येतो आणि तिथेच घसरत राहतो, पकडायला काही नसतं. त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही घसरतो. पट्टीचे पोहणारे असे गेलेत. तुमच्या तळ्याला चारी बाजूंनी जाळीचं कुंपण आणि कुलपाचं दार आहे का? काठावर खुंटाला बांधून गाठी मारलेला दोर आत सोडलेला आहे का, प्रत्येक बाजूला एक? टायरची हवा भरलेली ट्यूब तिथे पडलेली आहे का? नसेल तर व्हिडिओ बघण्यात गेलेला वेळ याला द्या. मालक गप्प बसलेत म्हणता ना, हे काम त्यांना सांगा.

टीसीएलचं. पिण्याची विहीर आहे, तेव्हा टाकायलाच हवी, पण हिशोबाने. गोल विहिरीचा व्यास मीटरमध्ये घ्या, त्याला पुन्हा व्यासाने गुणा, मग पाण्याच्या खोलीने गुणा आणि शेवटी 785 ने गुणा. उत्तर लिटरमध्ये येतं. व्यास 8 मीटर आणि पाणी 4 मीटर असेल तर साधारण 2 लाख लिटर. हजार लिटरला 5 ग्रॅम धरले तर एक किलो पावडर लागेल. ती कोरडी फेकायची नाही. प्लास्टिकच्या बादलीत आधी थोड्या पाण्यात लगदा करायचा, मग बादली भरून ढवळायची आणि दहा मिनिटं थांबायचं. पांढरा चुना खाली बसतो, तो ओतायचा नाही; वरचं निवळ विहिरीत सोडायचं आणि पोहरा वरखाली करून मिसळायचं. सूर्य मावळल्यावर टाका, उन्हात क्लोरीन उडून जातो. रात्रभर पाणी उपसू नका. सकाळी ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून ओटी टेस्ट करून घ्या, पाणी पिवळसर झालं तर क्लोरीन उरलाय. पोतं मागच्या वर्षीचं, तोंड उघडं राहिलेलं असेल तर त्यात नुसता चुनाच उरलेला असतो, कितीही टाका. विहिरीत मासे सोडले असतील तर तेवढं मामंजींना आधी विचारा.

पण टीसीएल टाकली म्हणजे पोहायला मोकळीक झाली, असं समजू नका. कवचातला अमिबा क्लोरीनला सहज दाद देत नाही, गाळात दडलेल्यापर्यंत तो पोहोचत नाही, आणि उघड्या विहिरीत दोन-तीन दिवसांत क्लोरीनच संपतो. छतावरची टाकी मात्र पूर्ण रिकामी करून, घासून, गाळ काढून धुवा. तिचं झाकण घट्ट बसतं का तेही बघा.

पाणी तपासून घेण्याचं म्हणाल तर सरकारी प्रयोगशाळेत पिण्याच्या पाण्याची तपासणी होते ती जिवाणूंसाठी आणि क्षारांसाठी. ती जरूर करा. अमिबाची चाचणी त्या नेहमीच्या यादीत नसते, आणि समजा केली आणि आज नाही आला, तरी पंधरा दिवसांनी पाणी तापल्यावर काय, हे ती सांगत नाही. त्यात पैसे घालू नका.

आता एक परिच्छेद जपून ठेवा, तुमच्या मुलासाठी असं नाही, वस्तीवरच्या कुणासाठीही. पोहल्यानंतर किंवा नाकात पाणी गेल्यानंतर दहा-बारा दिवसांच्या आत जोरदार डोकेदुखी, विशेषतः कपाळात, त्याबरोबर ताप आणि उलट्या आल्या, मान पुढे वाकेना, उजेड सहन होईना, वास वेगळेच यायला लागले किंवा येईनासे झाले, पोर असंबद्ध बोलायला लागलं किंवा झटका आला, तर तापाची गोळी देऊन रात्र काढायची नाही. ऊन लागलं असेल म्हणून कांदा लावत बसायचं नाही. असंबद्ध बोलतोय म्हणून देवऋषाकडे तर अजिबात नाही. ही लक्षणं शंभरात नव्व्याण्णव वेळा दुसऱ्याच कशाची निघतील: जिवाणूंचा मेंदूज्वर, विषाणूचा, क्षयाचा, उष्माघात. पण त्यातलं प्रत्येक तितक्याच घाईचं आहे. अमिबाचा आजार तर लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण पाच दिवसांत संपवतो, त्यातले दोन आपण घरीच घालवतो. तासगावहून मिरज तासाभराची वाट आहे, निघा.

तिथे गेल्यावर दोन गोष्टी. पहिली, डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता सांगा: इतक्या दिवसांपूर्वी विहिरीत पोहला होता, नाकात पाणी गेलं होतं. किंवा, रोज जलनेती करतात. पाठीतल्या पाण्याचा (मणक्यातून सुईने काढतात त्याचा) रिपोर्ट या आजारात जिवाणूंच्या मेंदूज्वरासारखाच दिसतो, पेशी वाढलेल्या, साखर कमी. फक्त जिवाणू सापडत नाहीत. कुणी पोहण्याचं बोललं तर लॅबवाला ताजा थेंब काचेवर घेऊन लगेच मायक्रोस्कोपखाली बघतो, आणि तेव्हा तो हलताना दिसू शकतो. नमुना फ्रीजमध्ये गेला की तो थंडावतो आणि मग इतर पेशींमधून ओळखू येत नाही.

दुसरी गोष्ट, पाठीतलं पाणी काढू द्या. ‘पाठीतलं पाणी काढलं की माणूस कायमचा अधू होतो’ हे मी वर्षानुवर्षं ऐकतोय. खाट दाराबाहेर अडवून नातेवाईक उभे राहतात, सही कोण करणार यावर गावाकडे फोन चालतात, आणि पोर आत तळमळत असतं. सुई कमरेच्या खालच्या भागात घालतात, मज्जारज्जू त्याच्या वरच संपलेला असतो. नंतर एखाद-दुसरा दिवस डोकं दुखतं, पाठ दुखते. ज्याला पुढे अधूपण येतं ते मूळ आजाराने येतं, पण बोल सुईला लागतो. हा आजार ओळखायचा रस्ता त्या थेंबातूनच जातो. औषधं आहेत, अँफोटेरिसिन हे मुख्य, आणि मिल्टेफोसिन, जे आपल्याकडे बिहारातल्या काळ्या आजारासाठी वापरात आलं. अमेरिकेतली 12 वर्षांची एक मुलगी 2013 मध्ये मिल्टेफोसिनसह उपचारांनी वाचली. बहुतेक वाचत नाहीत हे खरं, पण जे वाचले त्यातल्या बहुतेकांचं निदान लवकर झालं होतं.

मेंदूला जाणारे आणखी दोन अमिबा आहेत, अकांथामिबा आणि बालामुथिया. तेही मातीपाण्यात असतात आणि मेंदूला जातात, पण सावकाश, आठवड्यामहिन्यांत, आणि अकांथामिबा बहुतेकदा ज्यांची प्रतिकारशक्ती आधीच ढासळलेली असते त्यांना; बालामुथिया धडधाकट माणसालाही होऊ शकतो. त्यासाठी तुम्ही वेगळं काही करायचं नाही. एवढंच, की घरात कॉलेजला जाणारं कुणी डोळ्यांत लेन्स घालत असेल तर ती नळाच्या पाण्यात धुवायची नाही आणि घालून पोहायचं नाही. अकांथामिबा बुबुळाला धरला तर डोळा वाचवणं जिकिरीचं होतं, आणि हे त्याच्या मेंदूच्या आजारापेक्षा बरंच जास्त आढळतं.

मामंजींना कसं सांगायचं हे तुम्ही विचारलं नाहीत, पण भांडणातून पत्र आलंय म्हणून लिहितो. बंदी उठवा आणि क्लिप त्यांच्याच हातात द्या. ‘नाक धरल्याशिवाय उडी नाही, हे तुम्ही बघायचं’ असं म्हणा. पोर तुमचं नाही ऐकणार, त्यांचं ऐकेल.

राहिला टँक. सांगलीला रोज नेणं-आणणं जमत असेल तर क्लास लावा, शिकवणारा चांगला असेल तर पोहणं तिथे लवकर येतं. फक्त टँक आहे म्हणजे पाणी आपोआप सुरक्षित, असं नाही. अमेरिकेत टेक्सासमधल्या आर्लिंग्टन शहरात 2021 साली एक मूल कारंज्यांच्या खेळाच्या जागी खेळून याच आजाराने गेलं, कारण तिथे क्लोरीन नीट राखला जात नव्हता. टँकच्या पाण्यात मोकळा क्लोरीन निदान 1 पीपीएम (लिटरला 1 मिलिग्रॅम) हवा आणि पीएच (पाण्याच्या आम्लतेचं माप) 7.2 ते 7.8 च्या दरम्यान. नुसत्या वासावर जाऊ नका, डोळे झोंबणारा उग्र वास येतो तो घामालघवीशी क्लोरीनचा संयोग झाल्याचा असतो, पाणी शुद्ध असल्याचा नव्हे. रोजच्या नोंदीची वही मागा. वही दाखवत नसतील तर फी भरू नका.